बंदुका होत्या, काडतुसे नव्हती

१८ एप्रिल १९३०. गुड फ्रायडेची रात्र, दहाचा सुमार. चितगावातल्या ऑक्झिलरी फोर्सच्या शस्त्रागारावर निर्मल सेन आणि लोकनाथ बल यांची तुकडी चालून गेली. सगळ्यांच्या अंगावर लष्करी गणवेश होते. आडवा आलेला सार्जंट मेजर फॅरेल गोळी लागून पडला, दारे फोडली गेली आणि ज्याच्यासाठी कित्येक महिने जीव मुठीत धरून तयारी केली होती ते सारे समोर आले. रायफली होत्या, लुईस मशीनगन होत्या. नव्हती ती काडतुसे. बंदुका एका जागी आणि दारूगोळा दुसऱ्या जागी, अशी सरकारची व्यवस्था होती, आणि ती दुसरी जागा काही केल्या सापडली नाही.

चितगावच्या उठावाची आठवण निघते तेव्हा या क्षणावरून लेखणी घाईने पुढे सरकते. झेंडा फडकला, घोषणा झाल्या, पोरे टेकडीवर लढून मेली, मास्टरदा फासावर गेले. हे सारे खरेच आहे आणि ते वाचताना आजही गळा दाटून येतो. पण त्या उठावाचे मोठेपण नीट समजून घ्यायचे असेल तर या कोठाराच्या दारात थांबावे लागेल, असे आम्हाला वाटते. ही माणसे किती विचार करून उभी राहिली होती आणि त्यांच्या विरुद्ध उभी असलेली सत्ता कशी घडवलेली होती, हे दोन्ही तिथे एकदम दिसते.

या उठावाचे म्होरके सूर्य सेन शाळामास्तर होते. म्हणून ते ‘मास्टरदा’. अंगकाठी किरकोळ, बोलणे कमी. जिल्हा काँग्रेस समितीचे ते चिटणीस होते आणि त्यांचे अनेक सहकारीही काँग्रेसच्या उघड कामात वावरत. अनंत सिंग आणि गणेश घोष व्यायामशाळा चालवत आणि तिथे येणाऱ्या मुलांतून निवडक मुले पारखून घेत. हे सारे पोलिसांच्या पाळतीखाली चालले होते. १९२३ मध्ये याच गटाने आसाम-बंगाल रेल्वेच्या पैशावर दरोडा घातला होता आणि त्यापायी अटक, खटला, बंगालबाहेरचे तुरुंग असे सगळे भोगले होते. त्यातून ते शिकले. या खेपेस पैशासाठी दरोडा घालायचा नाही, ज्याने त्याने आपापल्या घरातून आणायचे, असे ठरले. स्फोटके तयार करताना रामकृष्ण बिश्वास आणि तारकेश्वर दस्तीदार भयंकर भाजले. त्यांना इस्पितळात नेणे म्हणजे सगळा कट उघडा पाडणे. मग या घरातून त्या घरात लपवत साथीदारांनीच त्यांची शुश्रूषा केली. आणि तारीख जवळ येत गेली तरी पोलिसांना त्या रात्रीचा सुगावा लागला नाही.

योजना काय होती पाहा. साधारण पासष्ट माणसे. एका तुकडीने पोलीस लाइनीतले शस्त्रागार घ्यायचे, दुसरीने ऑक्झिलरी फोर्सचे. अंबिका चक्रवर्तींच्या तुकडीने टेलिफोन आणि तारघर जाळायचे. धूम आणि लांगलकोट इथे रेल्वेचे रूळ उखडून बाहेरून येणारी कुमक अडवायची. नरेश राय यांच्या तुकडीने पहाडतलीचा युरोपियन क्लब गाठायचा. हे सारे एकाच घटकेला. मग मिळालेली हत्यारे शहरातल्या तरुणांच्या हाती द्यायची आणि जमेल तितके दिवस शहर राखायचे. फार दिवस ते राखता येणार नाही हे सूर्य सेन जाणून होते. ब्रिटिशांचे राज्य एका जिल्ह्यापुरते का होईना मोडता येते, हे देशाला दाखवावे, एवढाच त्यांचा हिशोब होता.

इतका बारीक हिशोब करणाऱ्यांना काडतुसे कुठे आहेत ते कळले नाही, याला नुसता निष्काळजीपणा म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. ऑक्झिलरी फोर्स हे मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसांचे दल. त्याच्या आवारात गावच्या माणसाला शिरकाव नव्हता. १८५७ च्या धड्यानंतर सरकारने एक पक्की रीत घालून घेतली होती. तोफखाना हिंदी शिपायांच्या हाती ठेवायचा नाही, चांगली हत्यारे गोऱ्या पलटणींना द्यायची, दुय्यम हत्यारे देशी पलटणींना. १८७८ च्या शस्त्र कायद्याने रयतेच्या घरातली शस्त्रेही परवान्याखाली आणली. चितगावकरांच्या करातून विकत घेतलेल्या बंदुका चितगावात होत्या, पण त्या खोलीत काय आहे, काय नाही, हे समजून घेण्याचा मार्ग चितगावकराला मोकळा नव्हता. दुरून, अंदाजाने, कुणाच्या तोंडून ऐकून जेवढे जमवता आले तेवढे या मुलांनी जमवले. गुलामगिरीचे वर्णन करताना आपण लाठी, कोरडा, फाशीचा दोर आठवतो. आपल्याच गावातल्या कोठाराबद्दल आपल्याला काही कळू न देणे हाही त्या राज्यकारभाराचाच भाग होता, आणि त्या रात्री तो कुठल्याही पिस्तुलापेक्षा अधिक उपयोगी पडला.

दुसरी चूक मात्र त्यांची स्वतःची होती आणि ती भावनेतून झाली. या तरुणांनी आयर्लंडचा इतिहास मन लावून वाचला होता. डॅन ब्रीनचे आत्मकथन त्यांच्यात हातोहात फिरले होते. आपल्या दलाला त्यांनी ‘इंडियन रिपब्लिकन आर्मी, चितगाव शाखा’ असे नाव दिले ते आयरिश सेनेवरून. १९१६ चा डब्लिनचा उठाव ईस्टरच्या दिवसांत झाला, म्हणून आपला उठावही ईस्टरच्या दिवसांत. पण गुड फ्रायडे हा ख्रिस्ती माणसाचा शोकाचा, प्रार्थनेचा दिवस. त्या रात्री क्लबात कोण असणार? नरेश रायांची तुकडी पोहोचली तेव्हा तिथे कुणीच नव्हते. साहेबलोक घरी होते, सावध झाले आणि बंदराकडे निघाले.

बंदर हे या योजनेतले तिसरे भोक. तारा तोडल्या, टेलिफोन जाळला, रूळ उखडले, पण कर्णफुली नदीच्या धक्क्याला लागलेल्या जहाजावर बिनतारी यंत्र होते. त्या यंत्रावरून कलकत्त्याला खबर गेली. बंदरातच एक लुईस मशीनगनही होती आणि तिला लागणारी काडतुसेही तिच्याबरोबर होती. तीच घेऊन गोरे अधिकारी पोलीस लाइनीकडे उलटून आले.

तोवर पोलीस लाइनीत काय घडले होते? अनंत सिंग आणि गणेश घोष यांच्या तुकडीने ते शस्त्रागार सहज जिंकले होते. मस्केट बंदुका आणि त्यांची काडतुसे हाती आली होती. सगळ्या तुकड्या तिथे गोळा झाल्या, झेंडा चढला, मुलांनी रांगेत उभे राहून सूर्य सेनांना मानवंदना दिली आणि हंगामी क्रांतिकारी सरकारचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या नावाची घोषणा झाली. ज्या शहरात दीडशे वर्षांहून अधिक काळ कंपनी आणि राणीचा अंमल होता तिथे काही तास तो अंमल नव्हता. जेमतेम काही तास, पण त्या मुलांनी ते जगून घेतले आणि त्यांचे मोल आम्ही कमी लेखणार नाही.

मग शस्त्रागाराला आग लावताना हिमांशू सेन हा तरुण भाजला. त्याला सुरक्षित जागी पोहोचवायला अनंत सिंग, गणेश घोष, आनंद गुप्त आणि जीवन घोषाल गाडी घेऊन गेले आणि मुख्य तुकडीशी त्यांची पुन्हा गाठ पडलीच नाही. एका जखमी मुलाला मागे टाकवले नाही, यापायी उठावाने आपले दोन सर्वांत कसलेले सेनानी गमावले. लष्करी शास्त्र याला काय म्हणेल ते म्हणो. हिमांशू पुढे वाचलाही नाही. तरी त्या चौघांनी जे केले ते चूक होते असे आमच्या तोंडून निघणार नाही.

उरलेले पन्नासेक जण डोंगरात शिरले. चार दिवस धड अन्न नाही, पाणी नाही. २२ एप्रिलला दुपारनंतर जलालाबादच्या टेकडीला फौजेने वेढा घातला. ईस्टर्न फ्रंटियर रायफल्स आणि सुरमा व्हॅली लाइट हॉर्सचे शिपाई समोर, आणि शेजारच्या उंचवट्यावरून मशीनगनचा मारा. टेकडीवरच्या मुलांच्या हाती पोलिसांकडून घेतलेल्या जुन्या मस्केट. चार रात्रींपूर्वी ज्या जातीच्या बंदुका हाताशी येऊनही काडतुसांवाचून सोडून द्याव्या लागल्या, तशाच बंदुकांसमोर ते आता उभे होते. तरीही त्यांनी अंधार पडेपर्यंत टेकडी सोडली नाही. फौजेला त्या दिवशी मागे हटावे लागले. बारा जण कामी आले.

त्या बारांतला एक हरिगोपाल बल, घरचे नाव टेगरा. तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या लोकनाथ बल यांचा धाकटा भाऊ. वय चौदाच्या आसपास. थोरल्या भावाच्या डोळ्यांदेखत तो गेला.

इथे आम्हाला थांबून एक कठीण गोष्ट बोलायची आहे. त्या पासष्टांतले बरेचसे शाळकरी किंवा नुकतेच कॉलेजात पाऊल टाकलेले होते. सुबोध राय चौदा वर्षांचा होता. या मुलांना हत्यार हाती देणारी माणसे त्यांची शिक्षक होती, वडीलधारी होती. आज कुठल्याही देशात कुणी चौदा वर्षांच्या मुलाला लढाईत उतरवले तर आपण त्याला गुन्हा म्हणू, आणि म्हणायलाच हवे. चितगावला वेगळा न्याय लावावा असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या राज्यात बारा वर्षांवरच्या मुलाला ओळखपत्र खिशात बाळगावे लागते, संध्याकाळनंतर घराबाहेर पडायची बंदी असते आणि गावावर सामूहिक दंड बसतो, तिथले बालपण आधीच कुणीतरी हिरावून घेतलेले असते. चितगावात उठावानंतर हे सारे झाले. सूर्य सेनांनी त्या मुलांना मरणाकडे नेले हे खरे, आणि आपण स्वतः त्यांच्या पुढे चालू हा शब्द त्यांनी पाळला, हेही तितकेच खरे. टेगराच्या आईला यातले कुठले सत्य पुरले असेल, हे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

शस्त्रागार लुटण्याची घटना एका रात्रीची. त्यानंतरची पावणेतीन वर्षे आम्हाला तिच्याहून मोठी वाटतात. सूर्य सेनांच्या डोक्यावर दहा हजार रुपयांचे इनाम लागले. त्या काळी गावातल्या कित्येक पिढ्यांना एवढी रक्कम दिसली नसेल. जिल्हाभर पलटणी, पोलीस, झडत्या, मारहाण. तरीही मास्टरदा चितगावच्या खेड्यांतच राहिले. या घरी जेवण, त्या घरी मुक्काम, पहाटे तिसऱ्या गावाला. आसरा देणाऱ्यांत हिंदू घरे होती तशी मुसलमान शेतकऱ्यांची घरेही होती. सूर्य सेनांच्या सहकाऱ्यांत मीर अहमद, फकीर अहमद मियाँ, टुनू मियाँ ही नावे आढळतात. पुढे सतरा वर्षांनी जी भूमी धर्माच्या नावाने कापली गेली तिथेच हे घडत होते. धलघाटला सावित्रीदेवी नावाच्या विधवेने त्यांना घरात घेतले. १३ जून १९३२ च्या रात्री त्या घराला वेढा पडला. निर्मल सेन आणि अपूर्व सेन मारले गेले, कॅप्टन कॅमेरॉनही पडला, सूर्य सेन आणि प्रीतिलता वड्डेदार निसटले. सावित्रीदेवी तुरुंगात गेली. तिच्या हाती बंदूक नव्हती, तिने कुठली घोषणा दिली नव्हती. तिने दार उघडले होते, एवढेच.

प्रीतिलता त्या सुमारास चितगावातल्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेली. अलीपूर तुरुंगात फाशीची वाट पाहणाऱ्या रामकृष्ण बिश्वासला ती बहीण असल्याचे सांगून पुन्हा पुन्हा भेटून आली होती. २४ सप्टेंबर १९३२ च्या रात्री पहाडतलीच्या त्याच क्लबावर तिने आपली तुकडी नेली. त्या रात्री क्लब रिकामा नव्हता. एक गोरी स्त्री मेली, अनेक स्त्रीपुरुष जखमी झाले. प्रीतिलतेला गोळी लागली, आणि जिवंत हाती सापडू नये म्हणून तिने विष घेतले. वय एकवीस. तिच्या धैर्यापुढे मान झुकते. त्या क्लबात मेलेली स्त्रीही कुणाची तरी होती आणि तिचा उल्लेख टाळून प्रीतिलतेचा गौरव करणे आम्हाला पटत नाही. कलकत्ता विद्यापीठाने प्रीतिलतेची रोखून ठेवलेली पदवी २०१२ मध्ये, मरणोत्तर दिली. ऐंशी वर्षे लागली.

शेवटी फेब्रुवारी १९३३ मध्ये गैराला गावी नेत्र सेन नावाच्या माणसाने खबर दिली आणि सूर्य सेन पकडले गेले. नेत्र सेनाला इनाम भोगता आले नाही. त्याच्याच घरात कुणीतरी त्याचे शिर उडवले. मारेकरी कोण हे त्याच्या पत्नीने पाहिले होते, पण पोलिसांनी परोपरीने विचारूनही तिने नाव सांगितले नाही. तिच्या मनात त्या वेळी काय चालले असेल, नवऱ्याचे कुंकू की मास्टरदांची अटक, हे ताडण्याचा आव आम्ही आणणार नाही. पण फितुरी घडली तेव्हाही चितगावच्या एका बाईने सरकारला साथ दिली नाही, याची नोंद हवी.

१२ जानेवारी १९३४ ला चितगावच्या तुरुंगात सूर्य सेन आणि तारकेश्वर दस्तीदार यांना फाशी दिली. फाशीआधी त्यांना अमानुष मारहाण झाल्याचे सहकाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. देह घरच्यांना दिले नाहीत. बाकीच्यांपैकी बारा जणांना आधीच जन्मठेप होऊन ते अंदमानात रवाना झाले होते.

१२ जानेवारी ही तारीख सोलापूरकराला सांगावी लागत नाही. १९३१ साली त्याच दिवशी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. ज्या १९३० च्या एप्रिलात चितगाव पेटले त्याच्या पुढच्याच महिन्यात सोलापुरावर मार्शल लॉ लागला. त्याच मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रही रिकाम्या हाताने लाठ्या झेलत चालून गेले आणि वडाळ्याच्या मिठागरांवर मुंबईकर हजारोंनी धावले. सरकारी कोठारांवरचेच हल्ले होते हे. एकात मीठ, एकात बंदुका. एकीकडे हात मुद्दाम रिकामे ठेवलेले, दुसरीकडे हत्यार घेण्यासाठी पुढे झालेले. या दोन वाटांमध्ये कोण बरोबर, हा वाद आपण नव्वदहून अधिक वर्षे घालत आलो आहोत. त्या वसंतात मात्र एकाच देशाचे लोक, आपल्याच गावात असलेल्या पण आपल्यासाठी बंद केलेल्या कोठारांच्या दारांवर दोन बाजूंनी धडका देत होते. सूर्य सेन स्वतः काँग्रेसचे चिटणीस होते, हे त्या वादात सोयीस्करपणे विसरले जाते.

चितगाव आज आपल्या नकाशात नाही. फाळणीने ते पाकिस्तानात गेले, १९७१ नंतर बांगलादेशात आले. ज्यांचा गाव सीमेपलीकडे राहिला त्या हुतात्म्यांना इकडे हक्काचे माणूस उरले नाही. त्यांची जयंती साजरी करायला मास्टरदांच्या गावचा, नोआपाड्याचा कुणी आमदार आपल्याकडे नाही, की पुतळ्यासाठी भांडणारे मंडळ नाही. कलकत्त्यात एका मेट्रो स्थानकाला मास्टरदांचे नाव आहे. ढाका विद्यापीठातल्या एका वसतिगृहाचे नाव पूर्वी जिना हॉल होते. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर ते ‘मास्टरदा सूर्य सेन हॉल’ झाले. एका मुस्लिमबहुल देशाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या लढ्याचा पूर्वज म्हणून या हिंदू शाळामास्तराला निवडले, ही गोष्ट आजच्या दिवसांत दोन्हीकडच्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. जलालाबादच्या टेकडीवर गळ्यात गोळी लागूनही वाचलेले विनोदबिहारी चौधरी फाळणीनंतरही चितगाव सोडून गेले नाहीत. २०१३ मध्ये, १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राशी या कहाणीचा एक धागा थेट जुळतो. या गटातली कल्पना दत्त जन्मठेपेतून १९३९ मध्ये सुटली, कम्युनिस्ट पक्षात गेली आणि पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला. पक्षाची कचेरी तेव्हा मुंबईत होती. चितगावच्या साथीदारांच्या तिच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये मुंबईतूनच निघाले. मोठ्या नेत्यांइतकीच जागा तिने त्यात साध्या पोरांना दिली आहे. २०१० मध्ये आशुतोष गोवारीकर या मराठी दिग्दर्शकाने या उठावावर हिंदी चित्रपट केला. तो फारसा चालला नाही. आमच्या शालेय पुस्तकात चितगावला काही ओळी मिळतात. त्यात काडतुसांचा उल्लेख नसतो, जहाजावरच्या बिनतारी यंत्राचा नसतो, सावित्रीदेवीचा नसतो. मुलांना फक्त कळते की काही शूर तरुण होते आणि ते मेले. ते तरुण महिनोन्महिने विचार करत होते, नकाशे काढत होते, पैशाचा हिशोब ठेवत होते, चुकत होते आणि चुकल्यावरही पावणेतीन वर्षे उभे राहिले, हे कळले तर आठवी-नववीतल्या मुलाला त्यांच्याशी काही नाते जोडता येईल. ही भर पुढच्या आवृत्तीत घालायला अर्ध्या पानाहून अधिक जागा लागणार नाही.

सोलापूरकरांकडे आमची आणखी एक मागणी आहे. दर १२ जानेवारीला तिथे चार हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. त्या वेळी सूर्य सेन आणि तारकेश्वर दस्तीदार ही दोन नावेही पुकारावीत. तारीख एकच आहे, सरकार एकच होते, आणि कुर्बान हुसेन व मीर अहमद यांच्या गावांत दोन हजार किलोमीटरचे अंतर असले तरी त्यांनी घेतलेली जोखीम सारखीच होती. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.